अर्ध्या कोयत्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची टोळी केवढी म्हणून विचारलं, तर उत्तर माणसांत येत नाही, कोयत्यांत येतं. दहा कोयते, पंधरा कोयते. दहा कोयते म्हणजे वीस माणसं, कारण नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी असेल किंवा एकटी बाई असेल, तर तो अर्धा कोयता. फडात उभं राहून पाहिलं तर दोघांच्याही हातात कोयता दिसतो. टोळी बांधणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र एकच असतो, आणि तो नवऱ्याच्या नावावर असतो.

बायकांची नोकरी, बढती आणि आर्थिक स्वावलंबन हा विषय निघाला की आपण पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांपासून सुरुवात करतो. बाळंतपणाची रजा, पगारातली तफावत, साहेबाच्या खुर्चीपर्यंत किती बायका पोचल्या, वगैरे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण पगारातली तफावत मोजायची तर आधी दोन पगार लागतात. ऊसतोडीत पगार एकच आहे आणि तो जोडीचा आहे. म्हणून हा लेख बीडपासून सुरू होतो.

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी. बालाघाटच्या डोंगराळ, पाण्याला पारख्या पट्ट्यातून दरवर्षी गावंच्या गावं उठतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातल्या कारखान्यांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, जाऊन पडतात. राज्यभरात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज दहा-बारा लाखांपासून पुढे जातात आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा बीडचा असतो, यावर कुणाचं दुमत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट जास्तच वाहती झाली. त्याच दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजनाही दिली. हमीच्या कामावर बाईचं नाव हजेरीपटावर स्वतंत्र लागत होतं, अंगठा तिचाच लागत होता, आणि स्त्री-पुरुषांना दर एकच होता. दोन्ही कामं एकाच दुष्काळाने वाढवली आणि दोन्हीकडे राबली तीच बाई. एका कामाने तिला मोजलं, दुसऱ्याने मोजलं नाही.

आता हिशेब. तो किचकट नाही, पण सहसा कुणी मांडून दाखवत नाही.

पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. ही हंगामाच्या मजुरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम. आजकाल एका कोयत्याला लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त उचल ऐकू येते. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीची तडजोड झाली आणि तोडणीचा दर टनामागे साधारण ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून गाडीत भरतो असं धरू. म्हणजे दिवसाचे ७३२ रुपये. लाखाची उचल फेडायला २७३ टन लागतात, म्हणजे एकही दिवस न चुकवता साडेचार महिने. मधल्या काळात आठवडी बाजाराला घेतलेली खर्ची याच खात्यावर चढते. आणि हंगाम शंभर दिवसांतच आटोपला तर? तोडणी होते २०० टन, मजुरी ७३,२००, आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. हे पुढल्या वर्षीच्या उचलीत धरले जातात. मजूर त्याच मुकादमाकडे परत का जातो, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. त्यासाठी त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवायची गरज नाही.

बाईचा वाटा निम्मा धरला तर दिवसाला ३६६ रुपये. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. फडातले पैसे जास्त वाटतात, पण फडातला दिवस पहाटे तीन-चारला भाकरी थापण्यापासून सुरू होतो आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. हमीचे ३१२ तिच्या स्वतःच्या खात्यात पडतात. फडातले ३६६ तिला दिसतसुद्धा नाहीत. ते पावसाळ्यातच नवऱ्याच्या हातात पडून कधीचे खर्च झालेले असतात. लेकीचं लग्न, सासऱ्याचा दवाखाना, खत-बियाणं, कधी दारू. खर्च कुठे झाला हा पुढचा मुद्दा. तो ठरवताना ती बैठकीत नव्हती, हा पहिला.

काम मात्र निम्मं नसतं. ऊस दोघं तोडतात. पाचट सोलणं, मोळी बांधणं बरंचसं बाईकडे. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला टेकवलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढणं दोघांकडे. कोपीत परतल्यावर पाणी, सरपण, चूल, पोरं हे सगळं एकटीकडे. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला होता आणि पुरुषांचा ९७. कोपीत नळ नाही, गॅस नाही, संडास नाही. तिथे तो आकडा कुणी मोजलेला नाही, पण कमी भरेल असं वाटत नाही.

मग ती मागत का नाही? कुणाकडे मागणार, हाच प्रश्न आहे. कारखाना करार करतो वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार उचल देतो मुकादमाला. मुकादम टोळी बांधतो आणि नवऱ्याकडून कागदावर सही घेतो. या रांगेत बाई पाचवी, आणि तिच्यापर्यंत कागद येतच नाही. कारखान्याला विचारलं तर मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे. ठेकेदाराला विचारलं तर मुकादमाचे. मुकादम स्वतःला मजुरांतलाच समजतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. मालकच सापडत नाही म्हटल्यावर मालकावर जबाबदारी टाकणारे सगळे कायदे हवेत राहतात. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, पण समान वेतन मोजायला तिचं वेतन वेगळं दिसायला हवं. बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९६१ चा, पण रजा देणारा कोण? १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य स्थलांतरासाठी होता. बीडहून कोल्हापूरला गेलेली बाई राज्याच्या बाहेरच पडत नाही, म्हणून ती त्या कायद्यातही बसत नव्हती. कर्नाटकात गेली तर बसत होती. अंमलबजावणी हा पुन्हा वेगळा विषय.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते बायकांच्या श्रमाचा दोनशे वर्षांचा इतिहास खणून काढल्याबद्दल. त्यांनी अमेरिकेच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की शेतात किंवा घरच्या धंद्यात दिवसभर खपणाऱ्या लग्न झालेल्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'पत्नी' लिहिलेलं आहे. त्यामुळे त्या काळी बायका कमावत नव्हत्या असाच सगळ्यांचा समज झाला होता. गोल्डिन यांनी ते आकडे दुरुस्त केले आणि इतिहासच बदलला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा तो रकाना मुकादमाच्या वहीत आजही तसाच आहे, इतकंच म्हणता येईल.

मोजणीतली ही चूक शरीरापर्यंत कशी पोचते, ते बीडने २०१९ मध्ये देशाला दाखवलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बीड तालुक्यातल्या वंजारवाडीची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात आली, की गावातल्या निम्म्या बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे. गदारोळ झाला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. साधारण सहा बायकांमागे एक. देशपातळीवर १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगटांची तुलना तंतोतंत नाही, पण दरी एवढी आहे की त्याने फरक पडू नये.

याची कारणं सांगताना बहुतेक जण मुकादमाला खलनायक करून मोकळे होतात. गोष्ट तेवढी सोपी नाही. फडात एक दिवस काम बुडालं तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर पाचशे ते हजार रुपयांची कपात होते. जोडी एकच कोयता असल्यामुळे बाई बसली की नवऱ्याचाही दिवस अर्धा होतो. पाळीच्या चार दिवसांचा, गरोदरपणाचा, अंगावरून पाणी जाण्याचा असा थेट रुपयांत भाव ठरतो. कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी. कोपीजवळ धड पाणी नाही, आडोसा नाही, त्यातून संसर्ग. अशी बाई खासगी दवाखान्यात गेली की काही ठिकाणी एका सोनोग्राफीवर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायचा सल्ला मिळे. तिलाही तो पटे, कारण कटकट कायमची मिटणार होती. शस्त्रक्रियेचा हजारोंचा खर्च कुठून? उचलीतून. म्हणजे पिशवी काढायला घेतलेले पैसे फेडायला तिनेच पुन्हा ऊस तोडायचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भीषण भाग हा आहे, आणि त्यात कुणीही कायद्याने पकडण्यासारखी जबरदस्ती केलेली नसते.

पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असा नियम झाला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हीच साखर जगातल्या बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत कशी जाते ते छापलं. दखल घेण्याच्या बाबतीत बीडची बाई कमनशिबी नाही.

आता बढतीकडे येऊ. ऊसतोडीत पुरुषाला निदान एक बढती दिसते, ती मजुराचा मुकादम होण्याची. टोळीच्या कामावर मुकादमाला वीस टक्क्यांच्या आसपास कमिशन मिळतं. चार वर्षं भरवशाने टोळी नेली की ठेकेदार ओळखू लागतो. बाई मुकादम झाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. तिला माणसं जमवता येत नाहीत असं नाही. कुठली जोडी चोख काम करते, कुणाचं पोर आजारी असतं, कुणाला हातउसने पैसे द्यावेत, हे टोळीत बायकांनाच जास्त ठाऊक असतं. पण मुकादमाला लाखोंची उचल मिळते ती तारणावर: जमीन, घर, ट्रॅक्टर. आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे?

या प्रश्नावर महाराष्ट्राने एकेकाळी बरंच काम केलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा म्हणून. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. देशाला तो मिळायला २००५ उजाडलं. कायदा झाला आणि त्याच्या मागोमाग हक्कसोडपत्राची रीत घट्ट झाली. भाऊबीजेला येणाऱ्या बहिणीने सही करून द्यायची, म्हणजे माहेरचा दरवाजा उघडा राहतो. सही करणाऱ्या बहिणीला दोष देणं सोपं आहे. नवऱ्याने टाकलं तर जायला तिला तोच एक दरवाजा असतो, हे विसरून.

एकल बाईची गत याहून वाईट. नवरा वारला तर त्याच्या अंगावरची उचल पुष्कळदा तिच्याच माथी येते. कमाई अर्ध्या कोयत्याची, कर्ज पुऱ्या कोयत्याचं. जोडी जुळवायला दीर किंवा पोरगा शोधावा लागतो. पोरगा चौदा-पंधराचा असेल तर त्याची शाळा तिथे संपते. आणि त्याचं लग्न लवकर उरकलं तर घरात आणखी एक पूर्ण कोयता, आणखी एक उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या शंभर मुलींपैकी चाळिसाहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. याचं एक कारण आईबाप फडात असताना वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हेही आहे.

म्हणूनच मला वाटतं, की बीडमध्ये बायकांच्या कमाईचा विषय कौशल्य प्रशिक्षणाच्या तंबूतून सुरू करू नये, मुलींच्या वसतिगृहापासून करावा. गावोगावी चालणारी हंगामी वसतिगृहं आणि २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना या त्या दृष्टीने सगळ्यात मोलाच्या गोष्टी आहेत. ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहं असा तो बेत. वसतिगृहात राहून बारावी झालेली पोरगी नर्सिंगला जाते, पोलीस भरतीला उतरते, नाहीतर निदान मुकादमाची वही वाचू शकते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महिला ऊसतोड कामगारांची वेगळी संघटना बांधली आणि 'बायकांना स्वतंत्र ओळखपत्र द्या' ही मागणी धरून ठेवली. बाहेरच्याला ती किरकोळ वाटेल. पण ओळखपत्रावर तिचं नाव आलं की ती मजूर ठरते, आणि मजूर ठरली की मजुरी वेगळी मागता येते. महिला किसान अधिकार मंचही हेच सांगत आला आहे.

बचत गटांबद्दल दोन शब्द. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियान गेल्या दशकात गावोगाव पोचलं, आणि सावकाराऐवजी गटातून कर्ज घेणारी बाई आज बीडमध्ये नवलाची राहिलेली नाही. पण गटाचा सगळा डोलारा ठरल्या दिवशी भरणाऱ्या बैठकीवर उभा असतो. कार्तिकात गाव रिकामं झालं की चार-पाच महिने बैठकच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला गट धरून ठेवणं म्हणूनच अवघड जातं. जी गावात राहते तिला गट जास्त लागू पडतो, आणि जिला सर्वाधिक गरज ती गावात नसते. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. योजनेमागच्या राजकारणावर हवं तेवढं बोलता येईल. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: राज्यातल्या कोट्यवधी बायकांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात, नवऱ्याला न विचारता, दरमहा पैसे टाकता येतात. त्यामुळे तोडणीची मजुरी बाईच्या खात्यात टाकणं तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, ही सबब आता कुणी देऊ नये.

एक विसंगती मला सारखी टोचते. बीडने लोकसभेवर सहा वेळा बाई निवडून दिली आहे. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये, रजनी पाटील १९९६ मध्ये, प्रीतम मुंडे २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ मध्ये. राज्यातल्या फार थोड्या मतदारसंघांना एवढं सांगता येईल. पंकजा मुंडे राज्यात ग्रामविकास आणि महिला-बालविकास खात्यांच्या मंत्री होत्या. म्हणजे बाईच्या नावापुढे बटण दाबायला या जिल्ह्याने कधी खळखळ केली नाही. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली, हा राज्यातला नीचांकही याच जिल्ह्याचा.

वेळ फार उरलेला नाही. सरकारने २०२३ पासून ऊसतोडणी यंत्राला अनुदान द्यायला सुरुवात केली आहे. एका हार्वेस्टरमागे किती टोळ्या घरी बसतात हे फडातली माणसं बोटांवर सांगतात. यंत्र आलं की चालक नेमला जाईल, तो पुरुष असेल. विस्थापित मजुरांच्या नुकसानभरपाईचा किंवा पर्यायी कामाचा विषय कधी निघालाच, तर यादी मुकादमांच्या वह्यांतून होईल, आणि तिथे कोयते आहेत, बायका नाहीत.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. महाराष्ट्राने हा निर्णय एका सरकारी आदेशाने केला आणि कुणाचं काही अडलं नाही. तोडणी-वाहतुकीच्या करारात प्रत्येक मजुराचं नाव आणि खाते क्रमांक वेगळा लिहायला तर आदेशाचीही वाट पाहायची गरज नाही. संचालक मंडळाने ठरवलं तर एका बैठकीत होईल.

हा लेख वाचणाऱ्यांत सहकारी साखर कारखान्यांचे सभासद पुष्कळ असतील. तुमच्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणजे टोळ्या गावातून निघायच्या आधी. अहवाल हातात येतो, एफआरपीवर म्हणजे उसाच्या किमान दरावर, वजनातल्या काटामारीवर, साखर वाटपावर प्रश्न विचारले जातात. या वेळी उठून एक प्रश्न जादा विचारा: गेल्या हंगामात आपला ऊस तोडणाऱ्यांत बायका किती होत्या, आणि त्यांतल्या किती जणींच्या खात्यात मजुरी जमा झाली? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.